पितळी बिल्ल्याचं कुत्रं

घाटकोपरच्या आमच्या चाळीवरून रोज सकाळी एक गवतवाली जायची. डोंगराच्या पायथ्याच्या झोपडीतून यायची, तबेल्यात भारा टाकायची आणि परतताना नाक्यावरच्या नळाला हंडा लावायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मला कुतूहल होतं ते तिच्या कुत्र्याचं. कान तुटका, अंगाला खरूज, आणि गळ्यात मात्र म्युनिसिपालटीचा पितळी बिल्ला! कुत्र्याचा कर भरल्याशिवाय तो मिळत नसे, आणि तोवर मी तो बंगलेवाल्यांच्या कुत्र्यांच्याच गळ्यात पाहिला होता.

एकदा शेजारच्या काकांनी तिला नळावर अडवलं. घरपट्टी भरताना महिनाभर कुरकुरणारे हेच ते काका.

"ए बाई, हा नळ कर भरणाऱ्यांसाठी आहे."

डोक्यावरची चुंबळ सारखी करत ती म्हणाली, "मीपण भरते ना, भाऊ."

"कसला? झोपडीचा?"

"त्याचाच भरायला गेले होते. कचेरीतले म्हणाले, तुझी झोपडी आमच्या दप्तरातच नाही, कर कसला घेणार? मग म्हटलं, कुत्रं आहे, त्याचा घ्याल? तो घेतला."

कर भरायला धडपडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाकून बिल्ला उलटसुलट करून पाहिला. खरा होता. काका नळापासून बाजूला झाले.

तिने नळ उघडला, पण हंडा बाजूलाच ठेवला. ओंजळ भरून कुत्र्यापुढे धरली.

"आधी ह्याला पिऊ दे," ती म्हणाली. "पाणी ह्याचं आहे. मी ह्याच्या ओळखीनं नेते."