मोठ्या सिस्टरांची सही

सही करायच्या आधी मोठ्या सिस्टर पेनचं टोपण काढून दातांत धरायच्या. टोपण दातांत असेपर्यंत त्या वाचत, आणि त्या वाचत असेपर्यंत समोरची मुलगी हात पाठीमागे बांधून उभी. चंडीगड सोडून मला आता वीसेक वर्षं झाली. तरी बँकेत कुणी असं टोपण दातांत धरलं की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. काय करू!

मूळच्या त्या यवतमाळकडच्या. नवऱ्याची केंद्र सरकारातली बदलीची नोकरी, म्हणून चंडीगडला आलेल्या. इंडस्ट्रियल एरियात जनावरांचा एक खाजगी दवाखाना होता, तिथल्या त्या मुख्य नर्स. सगळा स्टाफ त्यांना ‘बड़ी सिस्टर’ म्हणायचा. जनावरांचं नर्सिंग शिकणाऱ्या आम्हा मुलींची त्या दवाखान्यातली कामं त्यांच्या हाताखाली चालत. त्या मराठी आहेत हे कळल्यावर मला वाटलं, चला, आपलं माणूस भेटलं, जरा सांभाळून घेतील. कसलं काय! पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मराठी आहेस न तू? मग तुले तर दुप्पट रागवीन, बाप्पा."

आमचं कॉलेज चंडीगडबाहेर खरड गावाकडे होतं, नवीनच निघालेलं. संचालक विलायतेला जाऊन आले आणि येताना पोर्टफोलिओ नावाचं संकट घेऊन आले. लेखी परीक्षा राहिली बाजूला. प्रत्येकीने चाळीस जनावरांची शुश्रूषा करायची, प्रत्येकाची नोंद फायलीत लावायची आणि प्रत्येक नोंदीखाली मोठ्या सिस्टरांची सही घ्यायची. एक जरी सही कमी पडली, तर फाईल पुन्हा द्यायची ती थेट सहा महिन्यांनी. माझे वडीलही चंडीगडलाच नोकरीला होते, पण तोवर त्यांची पुण्याला बदली झाली होती. मला सेक्टर २२ मध्ये एक खोली भाड्याने घेऊन देताना ते म्हणाले होते, "पहिल्याच खेपेला पास झालीस तर ठीक. नाहीतर सामान बांधायचं आणि घरी यायचं." ते उगाच बोलणारे नव्हते. त्यामुळे ती फाईल मी उशाशी घेऊन झोपायचे, आणि झोप यायची नाही ती नाहीच.

सिस्टरांचा एक ठरलेला प्रश्न होता. एकदा मी एका मांजराच्या नोंदीत लिहिलं, ‘भूक चांगली’. झालं, टोपण दातांतून बाहेर आलं. "तू पाह्यलं का?" मी म्हटलं, "सिस्टर, वाटी रिकामी होती." "वाटी रिकामी पाह्यली तू. मांजर खाताना पाह्यलं का?" नाही पाहिलं. सफाईवाल्या बाईंनी सकाळीच ती वाटी ओतून धुतली होती. मांजर दोन दिवस उपाशी होतं आणि माझ्या कागदावर मात्र मजेत जेवत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण रागावणं वेगळं आणि एकटं सोडणं वेगळं. एका दांडग्या अल्सेशियनचा ताप बघायला मी पुढे होईना, तेव्हा त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि माझं कोपर धरलं. "भीती वाटून राहिली? वाटू दे न. तोही घाबरूनच राहिला आहे बिचारा." त्यांचा हात कोपराला होता तोवर मी त्याचा ताप बघून घेतला.

चाळिसावी केस म्हणजे एक पांढरी पॉमेरियन कुत्री. त्या वर्षांत शहरात नुसतं असल्या कुत्र्यांचं पेव फुटलं होतं, त्यातलीच एक. तिची गर्भपिशवी काढलेली. ऑपरेशननंतर दर पंधरा मिनिटांनी ताप, नाडी, श्वास आणि हिरड्यांचा रंग तक्त्यात लिहायचा. दुपारची वेळ, फाईल दुसऱ्या दिवशी द्यायची, विषयसूची अजून लिहायची राहिलेली. कुत्री शांत झोपली होती. दोनदा बघितलं, सगळं उत्तम. मग मी पुढच्या चार रकान्यांतही तेच भरून टाकलं. हिरड्या गुलाबी, गुलाबी, गुलाबी, गुलाबी. आणि विषयसूची घेऊन बसले.

तीनला सिस्टर चहाला निघाल्या. जाताजाता तक्त्यावर नजर टाकली, मान डोलावली आणि दारापर्यंत गेल्या. तिथे भिंतीवर घड्याळ होतं. त्या थबकल्या आणि परत आल्या. "साडेतीनचं लिहिलं आहेस?" त्यांनी कुत्रीचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक! पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. "डॉक्टरसाब, जल्दी!" त्या ओरडल्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडलं, सुटलेला टाका बांधला. कुत्री वाचली.

संध्याकाळी मी फाईल घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. शेवटचं पान त्यांनी वाचलं आणि पेन बंद केलं.

"याच्यावर नाही करत मी."

"सिस्टर, बाबा घरी नेतील हो मला. आणि कुत्री वाचली ना?"

"वाचली. पण मी तुहा कागद पाहून चहाले चालली होती, पोरी. सगळं गुलाबी आहे म्हणून चालली होती."

बोलताना त्या बंद पेनाचं टोपण पुन्हा पुन्हा घट्ट दाबत होत्या. तोवर मला वाटायचं, या दवाखान्यात भीती फक्त मलाच वाटते. मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. रडणं थांबेपर्यंत त्या बसून राहिल्या आणि मग मला घेऊन एसटीडी बूथवर गेल्या. पुण्याला फोन लावला. "भाऊ, तुमच्या पोरीची एक सही मीच अडवली. चूक तिचीच आहे. पण सहा महिने तिले इथंच राहू द्या. आता ती चुकायची नाही." वडील काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी राहू दिलं.

दोन महिन्यांनी सिस्टरांच्या यजमानांची बदली गुवाहाटीला झाली. स्टेशनवर मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "भीत जा बरं का." एवढंच. लोक आशीर्वाद देतात, यांनी हे दिलं.

त्यांच्या जागी एक हसतमुख गृहस्थ आले. मी नवी चाळिसावी केस त्यांच्यापुढे ठेवली. एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरची. पाच तास त्याच्या पिंजऱ्यापाशी बसून, एकेक रकाना त्याच्या त्याच्या वेळेला लिहिलेला. त्यांनी पान न बघताच सही ठोकली. "और कहाँ-कहाँ करनी है, बेटा?" फायलीत मागे दोन कोरे तक्ते होते, एखादा खराब झाला तर असावेत म्हणून ठेवलेले. त्यांच्यावरही त्यांनी हसतहसत सह्या केल्या. "काम आएँगे."

चाळीस सह्या पुऱ्या झाल्या, म्हणजे मी पास झाले होते. बाहेर येऊन पायरीवर बसले. ते कोरे, सही झालेले तक्ते हातात होते, आणि अंगाला दरदरून घाम सुटला होता. आता मी काहीही लिहिलं तरी ते कुणी वाचणार नव्हतं.