अर्धी चूल

माझ्या साडूंइतका जमिनीच्या वरच्या जगाविषयी उदासीन माणूस उभ्या सौदीत झाला नसेल. फार जुन्या काळी मेसोपोटेमियातून होड्यांनी आलेली माणसं जिथे राहून गेली, असं एक टेकाड दम्मामच्या उत्तरेला, किनाऱ्यालगत आहे. हे गृहस्थ कित्येक हिवाळे ते उकरत होते. बिर्याणीसुद्धा त्यांनी सरळ कधी वाढून घेतली नाही. पातेल्याच्या कडेने कालथ्याने उभा छेद द्यायचा, वाकून थर बघायचे आणि मग निकाल जाहीर करायचा. एकदा माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या मेव्हणीला, म्हणाले, "इथे मसाला पातळ झालाय गं. वस्तीवर अचानक माणसं वाढलेली दिसतात." माणसं खरोखरच ऐन वेळी वाढली होती, आणि ती शेजारीच बसून जेवत होती. कुणाकडेही गेले की आधी कचऱ्याचा डबा बघायचे. वरच्या मजल्यावरचे बँकवाले आपण गोड सोडल्याचं सांगत असताना यांनी त्यांच्या डब्यातून मिठाईचं खोकं वर काढलं आणि त्या घरचं बोलावणं कायमचं खलास झालं.

गेल्या हिवाळ्यात टेकाडात एका चुलीची कड लागली. "हिच्यावर काय शिजत होतं ते कळलं की मी सुटलो," असं ते येता-जाता म्हणू लागले. पण कंत्राट संपलं, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, तोही संपत आला. शेवटच्या दिवशी आम्ही डबा घेऊन तिथे गेलो, तेव्हा अर्धी चूल उघडी होती आणि तिच्यात नुसती राख निघाली होती. उरलेली अर्धी मातीखाली होती. त्यांच्या लेकीच्या वयाची, उत्खननाची सौदी प्रमुख म्हणाली, "सर, आज तुमचा दिवस. तीही उघडा. यल्ला!"

साडू थापी घेऊन उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मग उठून म्हणाले, "नको. थोडं पुढच्यांसाठी ठेवायचं असतं. त्यांच्याकडे यंत्रं बरी असतील, कदाचित अक्कलही." चुलीवर कापड अंथरून वाळूची पहिली घमेली त्यांनी स्वतः ओतली. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

आता ते चिपळूणला असतात. परवा फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "मासेच असतील, नाही रे?"

"मासेच," मी म्हणालो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्यांना कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.