मंदी हाय

चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की मला संग्रामपूरचं आमचं भांड्यांचं दुकान आणि मला बघायला पाहुणे आले तो दिवस आठवतो. दुकानात पाय ठेवायला जागा नसली तरी विचारणाऱ्याला बाबा एकच सांगत, "मंदी हाय." सगळा बाजारच तसं म्हणे, बरं चाललंय म्हटलं की नजर लागते. त्या सकाळी मात्र आईनं दम दिला, "आज मंदीचं नाव काढू नोका, पोरीचं लग्न जमवाचं हाय." पाहुणे मेहकरचे किराणा व्यापारी. मुलाच्या वडिलांनी पोह्यांचा पहिला घास घेत विचारलं, "काय म्हणते धंदा?" बाबा घशाशी आलेला शब्द गिळून म्हणाले, "लय जोरात हाय." पाहुण्यांनी बायकोकडे पाहिलं, बशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "काऊन, दुकान विकाचं हाय काय?" बाजारात असं बोलतो तो बुडत आलेलाच. मी दाराआड उभी होते आणि मुलगा मला आवडला होता. बाबा एकदम मोकळे झाले. "कायचं जोरात हो, मंदीनं पार बसवलं. माशा मारून राह्यलो." "मंग तसं सांगा ना," म्हणत पाहुण्यांनी बशी उचलली आणि पोहे पुन्हा मागून घेतले. परवा तोच मुलगा, आता माझा नवरा, दुकानातून आला आणि पाय धुता धुता म्हणाला, "यंदा धंदा बरा हाय." मी हातातल्या पाटल्या काढल्या आणि कपाटात आतल्या खणात ठेवून कुलूप लावलं.