कानबाईने मोजलेली मूठ

त्या श्रावणात माझा आमच्या देवीशी, कानबाईशी अबोला होता. दोनदा दिवस राहिले, दोनदा पोट रिकामं झालं, आणि दोन्ही वेळा मी आनंदाच्या भरात चाळभर सांगत सुटले होते. म्हणून तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तोंड घट्ट मिटलं. सासूबाईंना सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, देवीला तर मुळीच नाही. जणू तिला कुणी सांगितल्याशिवाय कळणारच नव्हतं.

त्यातच खोकल्याने धरलं. गाव सोडून कामाला आलो त्या भेस्तानला आमच्या खोलीमागेच कापड विणायच्या लूमचे कारखाने, कापसाची बारीक फुसी, तंतूंची धूळ, ताटातसुद्धा येऊन पडायची. खोकल्याची उबळ आली की ओटीपोटात कळ यायची आणि मी पोट धरून खाली बसायचे. सासूबाईंनी धुळ्याहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली अडुळशाची फांदी नळापाशी लावली होती. तिचं चांगलं झुडूप झालं होतं. पानं तव्यावर नरम करून त्या रस पिळत, त्यात मध घालत, आणि छातीत कफ भरलेले कामगार शांत झोपत. त्या झाडावर माझा देवीपेक्षा जास्त विश्वास होता, हे खरंच सांगते.

कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्यासाठीही रस काढला. मी वाटी हातात घेतली तेवढ्यात रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे गहू मोजायला सगळे बसले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढतात. मुठी मोजायचा मान त्या वर्षी लांबच्या नात्यातल्या एका म्हातारीला दिला होता. ती शहाद्याहून लेकाकडे आलेली, मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. सगळ्यांच्या मुठी झाल्या आणि तिने सुपावर हात ठेवून विचारलं, "घरमा कोनी पोटुशी शे का? तेनीबी मूठ लेनी पडस."

समोर देवीचा नारळ मांडलेला. गप्प राहिले असते तर माझ्या बाळाची मूठ चुकली असती. मला रडूच आलं. "मीच शे," मी म्हणाले.

म्हातारीने शांतपणे आणखी सव्वा मूठ वाढवली. सासूबाई मात्र ताडकन उठल्या आणि माझ्या हातातली वाटी त्यांनी काढून घेतली. "पोटमा लेकरू शे तवय अडुळसा चालत नही, बेटा. पोट आवळस. माले सांगाले नको का?" दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि चालेल असं औषध दिलं.

म्हातारी रोटाचा प्रसाद घेऊन गावी गेली. तिने नेमकं त्याच क्षणी विचारलं, तो चमत्कार होता का, मला माहीत नाही. ज्या झाडाने इतक्यांना श्वास दिला, त्याच्यावर माझा राग नाही. कुणाला काय द्यावं हे सासूबाईंना ठाऊक होतं, फक्त मी झाकून ठेवलं होतं. जपायचं म्हणून जे मी मुठीत आवळून धरलं होतं, ते देवीपुढे उघडल्यावरच वाचलं.

अडुळशाला पांढरी फुलं आली तेव्हा मुलगी झाली. पुढच्या श्रावणात गहू मोजताना कुणीतरी म्हणालं, पोरीची मूठ कुठे असते? सासूबाईंनी मान वर न करता मूठ भरली.

"हाई कानबाईनी मोजेल शे," त्या म्हणाल्या. "मी कोन कमी करनारी?"