वायपर वाजला तर

काकूंच्या दारातली गाडी तीन वर्षं जागची हलली नव्हती. चाकं बसली होती, टपावर मांजरीची दोन बाळंतपणं उरकली होती, मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं बदाम काढला होता तोही तसाच होता. पण पुढची काच बघावी तर आरशासारखी लख्ख, आणि वायपर जणू आजच दुकानातून आणलेले. गल्लीतले लोक आधी हसले, मग हसायचाही कंटाळा आला त्यांना. कुणाला कुंड्यांचं वेड असतं, कुणाला भांड्यांचं, हिला वायपरचं, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

वेड मुळात काकांचं. काका ड्रायव्हर. बत्तीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या आणि उतारवयात ही एक जुनी गाडी स्वतःची म्हणून घेतली. स्वभावानं गरीब माणूस. जेवण अळणी झालं तरी निमूट जेवून उठायचे. पण वायपर किरकिरला की यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. काच पुसायला ठेवलाय, रडायला नाही, असं म्हणायचे. एकदा काकूंच्या बहिणीच्या लग्नाला निघाले असताना वाटेत पाऊस लागला आणि वायपर किर्र करायला लागला. काकांनी गाडी कडेला घेतली, काकूंच्या हातातला कोरा रुमाल काढून घेतला, आणि पावसात उभं राहून रबराची धार पुसत बसले. रुमाल काळा झाला, वायपर गप्प झाला, आणि हे पोचेपर्यंत लग्न लागून पाहुणे पंगतीत बसलेले. बहीण आजही म्हणते, माझ्या लग्नात वायपर आडवा आला.

तो आवाज आला की काकांची डावी भुवई वर जायची आणि डाव्या हाताची दोन बोटं स्टिअरिंगवर वाजायची, टक टक. मग गाडी थांबणार, हे काकूंना न सांगता कळायचं.

काकू काज-बटणं करायच्या. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे यायचे, त्यातून मान वर काढायला सवड नसायची. तरी संसारात नको नको म्हणताना नवऱ्याची विद्या अंगाला लागतेच. नवं रबर घेताना धारेवरून अंगठा फिरवून बघायचा, कुठं खरखरलं तर नको. जरा दुमडून सोडायचं. झटकन सरळ झालं तर घ्यायचं, आळसावलं तर परत. ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर लांब, शेजारचा आखूड. हे सगळं काकूंच्या कानावरून गेलं होतं आणि कधी उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

एका सकाळी बूट घालताना काकांचा एक बूट पायात आणि दुसरा हातात राहिला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. खिडकीच्या बाहेर चार हातांवर गाडी. काका गाडीकडे बघायचे की गाडीच्या पलीकडे, की कशाकडेच नाही, ते सांगता यायचं नाही.

आठ-नऊ महिने असे गेले. मग एक दिवस जावई बॅटरी चार्ज करून घेऊन, गाडी जरा सावलीत घ्यावी म्हणून आत बसला आणि चुकून त्याचा हात स्टिअरिंगशेजारच्या वायपरच्या दांडीला लागला. काच धुळीनं भरलेली, कोरडी ठणठणीत. वायपरनं असा गळा काढला की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. काकू पातेलं घेऊन खाटेशी उभ्या होत्या. त्यांनी बघितलं, काकांची डावी भुवई वर गेली, आणि डाव्या हाताची दोन बोटं खाटेच्या दांड्यावर पडली. टक टक. काकूंनी पातेलं जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारीच बसल्या.

डॉक्टर म्हणाले, अशा हालचाली होतात, त्यांना अर्थ नसतो. काकूंनी समजल्यासारखी मान हलवली आणि मनात म्हणाल्या, तू काय त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचास?

त्या दिवसापासून त्यांनी धरूनच ठेवलं, की आत माणूस जागा आहे. आणि जागा आहे तर त्याला तो आवाज परत ऐकवायचा नाही. दर गुरुवारी त्या बादली घेऊन बाहेर यायच्या. आधी काच साबणाच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं. चिकटा राहिला तर वायपर वाजतोच. मग वायपर उभे करून ओल्या फडक्यानं रबराची धार पुसायची, फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत. शेजारणीनं सांगितलं होतं, थोडं तेल लावा, मऊ पडेल. काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुन्हा कशातच सल्ला दिला नाही. उन्हाच्या दिवसांत रबर काचेला टेकून एका कुशीवर पडून राहिलं की तसंच वाकडं होतं, म्हणून वायपर काचेपासून उचलून ठेवायचे. घरात काकांना दोन-दोन तासांनी कूस बदलून द्यायची, बाहेर वायपरला. गॅरेजवाला पंधरा दिवसांनी येऊन बॅटरी चार्ज करून जायचा. पाना कसा धरायचा ते काकांनीच त्याला शिकवलेलं, तो नाही म्हणायचा नाही. शेवटी काकू काचेवर तांब्याभर पाणी ओतून, आत बसून, वायपर दोनदा फिरवायच्या. आवाज नाही. काका शांत. काकू खूष.

अशी आणखी दोन वर्षं गेली. काकूंची कंबर मात्र वायपरसारखी बदलून मिळणारी नव्हती. एकदा काकांना खुर्चीतून खाटेवर घेताना दोघंही पडले आणि दूधवाला येईपर्यंत जमिनीवर शेजारी शेजारी पडून राहिले. दूधवाल्यानं उचललं आणि लेकीला फोन केला.

लेक दर रविवारी यायची. या वेळी ती एक कागद घेऊन आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळणारं एक ठिकाण तिनं बघून ठेवलं होतं, दोन बस बदलून जावं लागेल इतकं लांब. माझ्याकडे दोन खोल्या, दोन्ही पोरं आणि सासू, तिथं कुठं ठेवू, हे तिनं न विचारताच सांगितलं आणि रडलीही. काकू ऐकून घेऊन म्हणाल्या, त्यांना कळतं. ज्याला कळत नाही त्याला कुणाच्याही हाती द्यावं. कळणाऱ्या माणसाला परक्या लोकांत टाकलं तर तो आत बसून काय म्हणेल?

"आई, कशावरून कळतं?"

"बोटं वाजवतात की."

"कधी वाजवतात?"

"वायपर वाजला की."

"आणि वायपर शेवटचा कधी वाजला?"

दोन वर्षांत एकदाही वाजला नव्हता. त्यांनीच वाजू दिला नव्हता.

लेकीनं आईला पेचात पकडायला विचारलं नव्हतं, आपण काय विचारून बसलो ते तिच्याही ध्यानात नंतर आलं. मग तीच म्हणाली, की एकदा वाजवून बघू. बाबांची बोटं हलली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, कंबरेचं काय करायचं ते आपण बघू. नाही हलली तर सोमवारी त्या लोकांची गाडी बोलावते. काकू म्हणाल्या, चालेल. म्हणताना आवाज ठाम होता. हात मात्र पदराचं टोक पिळत होते.

गॅरेजवाल्याला बोलावलं. सगळ्यात वाईट रबर आण म्हटल्यावर तो बावचळला.

"काकू, लोक दुरुस्त करायला बोलवतात मला."

"माहीत आहे. तू आण."

भंगारातून त्यानं उन्हानं लाकूड झालेली एक जोडी आणली. आधीचे वायपर काढताना काकूंनी काचेवर घडी घातलेलं पोतं टाकलं. वायपरची नुसती दांडी सुटून काचेवर आपटली तर काच जाते. गॅरेजवाल्यानं पकडीनं दांडी जराशी पिळून दिली, म्हणजे रबर काचेवर आडवं न पडता उभंच घासेल आणि उड्या मारेल. काकूंचे मऊ, काळेभोर वायपर त्यानं अदबीनं टपावर ठेवले.

लेक खाटेशी बसली. काकांच्या बोटांवरची चादर तिनं बाजूला केली, हात खाटेच्या दांड्यावर ठेवला. काकू ड्रायव्हरच्या जागी बसल्या. सीट अजून काकांच्या मापाची, मागे सरकलेली. काकूंचे पाय पुढं पोचेनात. पोचून तरी काय करणार होते. किल्ली फिरवली, स्टिअरिंगशेजारची दांडी खाली ओढली.

पहिल्याच फेरीला सगळी गल्ली दारात आली. किर्रर्र, धडधड, टक. परत येताना किर्रर्र. कुत्रं भुंकलं. काकूंना काचेतून खिडकी दिसत होती, खिडकीत काकांचा चेहरा. वायपर मधे यायचा, चेहरा जायचा. वायपर जायचा, चेहरा यायचा. दर वेळी काकू भुवई बघायच्या. भुवई जागेवर. डोळे मात्र वायपरबरोबर डावीकडे जायचे, उजवीकडे यायचे, पंख्याकडे बघणाऱ्या तान्ह्या पोरासारखे. बोटं दांड्यावर कुणीतरी विसरून गेल्यासारखी पडलेली.

आत लेक काकांच्या कानाशी वाकली होती. "बाबा, ऐका ना. वाजतोय बघा. बाबा, वाजतोय." तिलाही तेच हवं होतं, आणि ते काकूंना आत्ता, काचेआडून कळलं. कागद आणल्यापासून ती आपल्या विरुद्ध आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

काकूंनी वायपर थांबवला नाही. काकांना जरा वेळ लागत असेल, तिसऱ्या फेरीला कळेल, दहाव्या फेरीला कळेल. पंधरावी झाली, विसावी झाली. मग काकांनी मोठी जांभई दिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

तिथं बसल्या बसल्या काकूंना हेही कळलं, की दोन वर्षं आपण गुरुवार गुरुवार जे धुतलं, पुसलं, ते काकांना त्रास नको म्हणून नव्हे. मुका वायपर काही सांगत नाही. बोटं कधी थांबली, मागच्या वर्षी की त्याच्याही आधी, ते आता कुणालाच कळायचं नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवून वायपर बंद केला. गल्लीतले लोक एकेक करून आत गेले.

गॅरेजवाल्यानं विचारलं, चांगले परत लावू का. काकू म्हणाल्या, तुझ्याकडे कुणाला बसत असतील तर त्याला लाव.

घरात येऊन त्यांनी हात धुतले. रबराचं काळं निघायला वेळ लागला. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काकूंनीच विचारलं, सोमवारी किती वाजता येतात. सकाळी नऊला, म्हणाली. भेटायला कधी जाता येतं? दुपारी तीन ते पाच. कोणती बस? लेकीनं दोन्ही नंबर सांगितले. काकूंना लिहून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले आणि चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवले. दुसरा नंबर चुकला. लेकीनं सुधारला.

बारा वाजून गेले होते, काकांच्या जेवणाची वेळ टळली होती. काकूंनी मऊ करून गाळलेलं जेवण वाटीत घेतलं, खाटेवर बसून त्यांची मान दंडावर घेतली आणि चमचा पुढं केला.

"अहो, तोंड उघडा."

काकांनी उघडलं नाही. चमचा ओठाला लागला तेव्हा उघडलं.