मनोऱ्याच्या दारातला मोजणीकाका

एकवीस वर्षं त्या माणसाने एकच काम केलं. मनोऱ्याच्या दारात उभं राहायचं, आत जाणाऱ्याकडे बघायचं आणि अंगठा दाबायचा. उजव्या मुठीत मावेल एवढी पोलादी डबी, तिच्या डोक्यावर खटका. खटका दाबला की टक् आवाज होई आणि काचेआडचा आकडा एकाने पुढे सरके. संध्याकाळी दार लावलं की तो आकडा वहीत लिहायचा आणि डबी शून्यावर आणायची. लोक त्याला मोजणीकाका म्हणत. नांगर धरणाऱ्याच्या तळव्याला पडतो तसा घट्टा त्याच्या अंगठ्याला पडला होता. त्या घट्ट्याची त्याला लाज नव्हती. कष्टाचा घट्टा तो घट्टा, मग तो लाकडाने पडो की लोखंडाने.

शहरात कुठे आग लागली तर लांबून दिसावी म्हणून कोण्या काळी तो मनोरा बांधला. आगी बघायला पुढे दुसरी साधनं आली आणि मनोरा रिकामा झाला. मग शहराच्या कचेरीने तो परगावच्या पाहुण्यांसाठी खुला केला. दोनशे बारा पायऱ्या. पहिल्या एकशेचाळीस दगडी, वरच्या बहात्तर लाकडी. वर गेलं की नदी, पूल, छपरं आणि दूर धुरकट डोंगर. हे सगळं फुकट. खिशात काही असो नसो, पायांत बळ असलं की झालं.

काका मूळचा खेड्यातला. बाविसाव्या वर्षी मनोऱ्याच्या डागडुजीला गवंड्यांच्या हाताखाली आला आणि दगड वाहता वाहता तिथेच रुजला. पुढे कितीतरी वर्षं त्याने झाडलोट केली, मग दारावरचा जुना माणूस थकला तेव्हा डबी त्याच्या हाती आली. डबीबरोबर मनोऱ्याच्या तळाची खोलीही आली. खोली गोल. भिंतीला कोपरा म्हणून नाही. खाट लावली तर मागे फट राही, कपाट लावलं तर डुगडुगे. शेवटी त्याने फळ्यांना भिंतीसारखी बाकदार कापून मांडणी केली, आणि त्या मांडणीवर काकीचा संसार चढला. काकी म्हणजे त्याची बायको. गुडघे धरलेली, तोंडाने तिखट, मनाने ओली. मुलगी त्याच खोलीत वाढली आणि लग्न होऊन नदीपलीकडे गेली.

कचेरीने एक कागद छापला होता. शहरात फुकट काय काय पाहावं, अशी एकवीस ठिकाणांची यादी. मनोरा नववा. पाहुणे तो कागद घेऊन येत आणि काकाला पुढची वाट विचारत. काका सांगे, आणि असं सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज तिथेच बसून असतो. बागेतला वाद्यवृंद रविवारी चार वाजता, पण डावीकडच्या बाकांवर बसा, उजवीकडे ऊन डोळ्यांत जातं. न्यायालयातल्या प्रेक्षकांच्या बाकांवर कोणीही बसू शकतं, फक्त टोपी काढा. नदीतली होडी फुकट, पलीकडच्या तीराला न उतरता तिनेच परत या, कोणी काही म्हणत नाही. संग्रहालय बुधवारी फुकट, आधी वरचा मजला बघा, खाली शाळांची पोरं असतात.

यातलं एकही ठिकाण काकाने पाहिलेलं नव्हतं. मनोरा आठवड्याचे सातही दिवस उघडा आणि दाराला माणूस एकच. जे काही ठाऊक होतं ते परतून आलेल्या पाहुण्यांनी सांगितलेलं. काकी म्हणे, यांनी सगळं शहर कानांनी पाहिलंय.

अडचण आली ती एका उंच इमारतीच्या रूपाने. नदीकाठी काचेची एक इमारत उभी राहिली. तिच्या वरच्या मजल्यावरून शहर दिसे, तेही फुकट, आणि वर जायला लिफ्ट. मग दोनशे बारा पायऱ्या चढून धापा टाकायच्या कोणी? दिवसाला शंभर माणसं यायची तिथे साठ यायला लागली, मग पन्नास, मग चाळीस. कधी पाऊस लागला तर दिवसभरात डबी सात वेळा वाजे.

एके दिवशी कचेरीतला कारकून वह्या न्यायला आला. माणूस वाईट नव्हता. जाता जाता त्याने काकाला बाजूला घेऊन सांगितलं की वर्षाला वीस हजारांच्या खाली माणूस आलं तर जागेला कुलूप लावायचं, असं वर ठरलंय. फुकटची जागा चालवायलाही कारण लागतं आणि कारण म्हणजे आकडा. यंदा सतरा हजार आहेत. एक वर्ष कचेरी बघेल, मग नाही.

कुलूप म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली की खोली गेली. साठीला टेकलेला माणूस आणि गुडघे धरलेली बाई यांनी कुठे जायचं, हे त्या कारकुनाने सांगितलं नाही, काकानेही विचारलं नाही.

पुढे जे झालं ते लबाडाच्या हातून झालं असतं तर सांगायचं कारण नव्हतं. लबाड माणूस घरात बसून वहीत हवा तो आकडा लिहितो. काकाला ते जमलं नाही. माणूस समोरून गेल्याशिवाय त्याचा अंगठा हलत नसे, इतक्या वर्षांची सवय ती. पहिल्यांदा त्याने बापाच्या खांद्यावरचं पोर मोजलं. ते पूर्वी तो मोजत नसे, कारण ते स्वतः चढत नाही. मग वाट विचारायला दाराशी येऊन माघारी जाणारे मोजले. आणि मग एका दुपारी, वरून उतरून बाहेर पडणाऱ्या एका जोडप्याकडे बघता बघता त्याचा अंगठा दोनदा दाबला गेला. त्या दिवसापासून तो चढणारे मोजू लागला आणि उतरणारेही.

हे काकीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खोलीत बसूनही तिला टक् टक् ऐकू येई.

“अहो, तुम्ही उतरणाऱ्यालाही टिपता?”

काकाने मुठीतली डबी सदऱ्याला पुसली. मग म्हणाला, “वर जातो तो माणूस वेगळा असतो गं. खाली येतो तो शहर बघून आलेला असतो. दोघं सारखे कसे?”

“अस्सं. मग तुम्हीही रोज वर जाऊन झाडून खाली येता. म्हणजे मला नवरे दोन झाले. इथे एकाला सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आलाय.”

दोघं हसली. हसता हसता काकीने पदराने डोळे पुसले आणि तो विषय तिने परत काढला नाही. मोडायची तर तिने तेव्हाच मोडायला हवी होती ती सवय, असं ती नंतर म्हणे. पण खोली तिचीही होती.

त्या वर्षीचा आकडा चौतीस हजार झाला. कचेरीत कोणाला शंका आली नाही. उलट कौतुकाचं पत्र आलं, आणि नवा कागद छापला त्यात मनोरा नवव्यावरून दुसऱ्यावर गेला. काकाने तो कागद दारावर लावला. खरी माणसं तरीही तेवढीच येत होती. पुढच्या वर्षी छत्तीस हजार.

मग तपासणी करणारा इंजिनियर आला. तरुण, कामाला चोख, उगाच न बोलणारा. जिथे गर्दी जास्त तिथली बांधकामं आधी तपासायची, असा नियम होता. मनोरा दुसऱ्या क्रमांकावर, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात हजर. तो लाकडी जिन्याच्या पायऱ्या ठोकत वर गेला, ठोकत खाली आला. मागोमाग काका. प्रत्येक पायरी काकाच्या ओळखीची. कुठली करकरते, कुठलीची गाठ सुटलीय, कुठलीला त्याने स्वतः नवी खुंटी मारली, सगळं तो सांगत होता. महिन्यातून एकदा तो त्या बहात्तर पायऱ्यांना तेल देई. गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा फडकं फिरवी.

इंजिनियर खाली येऊन वही उघडून बसला. छत्तीस हजार माणसं, असं त्याने लिहिलं. त्याच्या पुढे दोनाने गुणलं, कारण जो चढतो तो उतरतोच. बहात्तर हजार फेऱ्या.

काका वाकून वहीत बघत होता. दोनदा मोजलेली माणसं आता चार-चारदा मोजली जात होती.

“साहेब, लाकूड चांगलं आहे,” तो म्हणाला. “तुम्ही ठोकून बघितलंत.”

“लाकूड बरं दिसतंय,” इंजिनियर म्हणाला. “पण मला दिसण्यावर लिहिता येत नाही, काका. एवढ्या फेऱ्यांना हा जिना धरत नाही. उद्या चाळीस माणसं घेऊन कोसळला तर तुम्ही येणार का उत्तर द्यायला?”

त्याने लिहिलं की वरचा जिना नवा बांधावा, नाहीतर मनोरा बंद करावा. नव्या जिन्याला मंजुरी नाही, हे कचेरीने चार दिवसांत कळवलं.

ते पत्र आलं त्या सकाळी काकीने त्याचा धुतलेला सदरा खाटेवर ठेवला. “जा आणि खरं सांगून या,” एवढंच म्हणाली. काकाने एकवीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळी दार लावलं आणि कचेरीची वाट धरली.

तिथल्या मुख्य बाईंनी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला. उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. खांद्यावरचं पोर, वाट विचारणारे, चढणारे, उतरणारे. बाईंनी मध्ये एकदा उठून दार ओढून घेतलं, आणि ऐकून झाल्यावर बराच वेळ हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या.

“खरा आकडा किती?”

“सतरा हजार. यंदा सोळाच असेल.”

“वीसच्या खाली.”

“हो.”

“मग तुम्हीच सांगा काका, मी काय लिहू? गर्दी आहे म्हणून बंद, की गर्दी नाही म्हणून बंद?” बाईंचा आवाज चढला नव्हता. “दुसरं लिहिलं तर खोटी मोजणीही लिहावी लागेल. मग तुम्हाला निवृत्तीचं काही मिळणार नाही. पहिलं लिहिलं तर निदान ते मिळेल.”

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणायलाही काकाकडे तोंड उरलं नव्हतं. खरं बोलायला धीर लागतो असं म्हणतात, आणि तो धीर त्याने केला होता. पण खरं बोलूनही ज्याचा काही उपयोग नाही, ते घेऊन परत कसं जायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने मान खाली घातली. बाईंनी तेच उत्तर समजून कागद पुढे ओढला.

महिन्याने दारावर पाटी लागली. अभ्यागतांच्या प्रचंड गर्दीमुळे सुरक्षिततेसाठी मनोरा बंद. ती पाटी काकानेच ठोकली, कारण ठोकायला दुसरं कोणी आलं नव्हतं. ठोकत असताना परगावचं एक कुटुंब अंगणात उभं होतं. बापाने पाटी मोठ्याने वाचली, मग रिकाम्या अंगणात चारी बाजूंना बघितलं आणि हसला. त्याची बायकोही हसली. काका पायरीवरून उतरला, हातोडी खाली ठेवली आणि त्यांना काचेच्या इमारतीची वाट सांगितली. लिफ्ट डाव्या हाताला, म्हणाला. हेही ऐकीवच.

सामान फार नव्हतं. बाकदार मांडणी मात्र नेता आली नाही. सरळ भिंतीच्या घरात तिचा काय उपयोग?

मुलीचं घर दोन खोल्यांचं. तिची तीन मुलं, आणि जावई रातपाळीचा. तो सकाळी येऊन झोपे आणि चारला उठे. जावई देवमाणूस, कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण झोपलेल्या माणसाच्या घरात काकीचा खोकला मावेना. म्हणून दोघं सकाळी न्याहारी करून बाहेर पडत आणि चार वाजल्यावर परत येत. तोवर कुठे बसायचं? जिथे बसायला कोणी काही मागत नाही तिथे. आणि मनोरा सोडला तर तशी वीस ठिकाणं काकाला तोंडपाठ होती.

आयुष्यभर ज्यांच्या वाटा सांगितल्या ती ठिकाणं त्याने अशी पाहिली. बागेत डावीकडच्या बाकावर. न्यायालयात टोपी काढून, तिथे हवा गरम म्हणून तास तास. होडीत, न उतरता, जाऊन परत, जाऊन परत, शेवटी होडीवाल्याने तिसऱ्या फेरीला नुसतंच बघितलं तोवर. पाहुण्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त पाहुणे तिथून उठून घरी जात असत.

बुधवारी संग्रहालय. थंडी होती, म्हणून दार उघडताच दोघं गेली. दारात काकाच्याच वयाचा एक माणूस उभा होता, तसाच एका पायावर भार टाकून, उजवी मूठ मिटलेली. काकी पुढे झाली, तिच्यामागे काका.

टक्, टक्. आणि मग थोडं थांबून, टक्.

काका जागीच थांबला. दोन माणसं आत गेली होती आणि तीन आवाज झाले होते. इतर कोणाला ते ऐकूही आलं नसतं. तो मागे वळून त्या माणसाजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, नका असं करू. मी करून बसलोय. आहेत तेवढेच मोजा.”

त्या माणसाने मिटलेली मूठ पाठीमागे नेली. मग त्याने नजर काकाच्या डोक्यावरून पलीकडे लावली.

“पुढे चला काका,” तो म्हणाला. “मागे रांग आहे.”

काकाने मागे बघितलं. दारापासून फाटकापर्यंत फरशी मोकळी होती, कोणी नव्हतं. कुलूप लागू नये म्हणून तो माणूसही कोणत्या तरी खोलीचा, कोणाच्या तरी गुडघ्यांचा विचार करत उभा असणार. काकी आतल्या बाकावर जाऊन बसली होती आणि हाताने त्याला बोलावत होती. तो गेला आणि तिच्या शेजारी बसला. समोरच्या भिंतीवर चित्रं होती. ती दोघांनी बघितली, चार वाजेपर्यंत.