हिनासे घराण्याचा कंप

ओनुई ही ओसाका शहरातील एका तेलविक्याची मुलगी. दोतोनबोरीच्या नाटकगृहांमागे राहणाऱ्या हिनासे घराण्यात ती सून म्हणून आली, तेव्हा सासूने तिला सर्वांत आधी हे बजावले की, पुढच्या दाराने येणे-जाणे करायचे नाही. हिनासे घराण्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या काबुकी या जपानी नाट्यप्रकारात स्त्रियांच्या भूमिका करीत आले होते. रसिकांनी ज्याला नाजूक स्त्री मानले, त्याला घरी बायको आहे हे उघड होणे त्या धंद्यात मोठे उणे समजत. म्हणून चारचौघांत ओनुई ही नवऱ्याची बहीण ठरली. पुढे तिला मुलगा झाला, तोही नाटकगृहात तिला आत्या म्हणे. एकदा एका आश्रयदात्या व्यापाऱ्याने तिच्या नवऱ्याला, म्हणजे घराण्याचे रंगमंचावरील नाव चालवणाऱ्या तिसऱ्या रिनजोला, घरी कोणी आहे की नाही असे थट्टेने विचारले. रिनजो बाहीआड तोंड लपवून असा काही लाजला की सारी मंडळी खूश झाली. ओनुई तेथेच चहा घेऊन उभी होती. तीही हसली, कारण न हसणे शोभले नसते.

सासरे, म्हणजे दुसरे रिनजो, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. त्यांचे दोन्ही हात मनगटापासून लोंबत. ओनुई त्यांना पेज भरवी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, नट तोंडाला, मानेला आणि हातांना जो सफेदा फासतात त्यात शिसे असते आणि ते अंगात भिनते. घरात हे कोणालाच पटले नाही. उमेजी हा थोरला शिष्य जन्मभर दासींच्या भूमिका करीत आलेला आणि मालकांची, म्हणजे रिनजोंची, रंगभूषाही तोच करी. त्याचे म्हणणे असे की, डॉक्टरांना नाटकातले काय कळते. शिशाच्या सफेद्यावाचून कातडीला आतून उजेड येत नाही.

काही वर्षांनी तिसऱ्या रिनजोवरही तीच वेळ आली. मरायला निघालेल्या नवऱ्याच्या कपड्याची घडी पत्नी घालते, असा एक प्रवेश तो करीत असे. एके दिवशी त्या प्रवेशात त्याची बोटे थरथरू लागली. प्रेक्षागृह श्वास रोखून बसले आणि मग माडीवरून दाद म्हणून घराण्याच्या नावाचा पुकारा झाला. दुसऱ्याच दिवशी उमेजीने ती ढब शिष्यांकडून घोटून घ्यायला आरंभ केला: आधी करंगळी, मग मनगट, शेवटी बाहीचे टोक. लोक तिला हिनासेचा कंप म्हणू लागले. हा कंप मुद्दाम बसवलेला आहे, ही लोकांची समजूत रिनजोने मोडली नाही. घरी मात्र त्याला जेवणाच्या काड्यांनी घास उचलता येत नसे. कोणाजवळ बोलू नकोस, एवढेच त्याने ओनुईला सांगितले आणि तिने ते पाळले. केस पिकण्याआधीच तो गेला.

मुलगा सेइजिरो याने चौथा रिनजो म्हणून नाव घेतले. नामग्रहणाच्या प्रयोगाला ओनुई विंगेमागे उभी होती. घडीच्या प्रवेशात मुलाचा हात तसाच थरथरताना तिने पाहिला. ही ढब की रोग, हे तिला ओळखता येईना. दुसऱ्या दिवशी ती सरळ रंगपटात गेली. उमेजी सेइजिरोला रंगवत होता.

"हात पुढे कर," ती म्हणाली.

सेइजिरोने हसत हात पुढे केला आणि कालच्यासारखीच बोटे थरथरवून दाखवली. "आत्या, इथं कशाला? घराण्याची ढब आहे ती."

"मग थांबव बघू."

हात तत्काळ स्थिर झाला. ओनुईला हायसे वाटले. तेवढ्यात तो अभिमानाने म्हणाला, "बाबांनी हे इतकं नाजूक कसं बसवलं, कोण जाणे. मला अजून तसं साधत नाही."

खरे सांगावे तर नवऱ्याची कीर्ती मातीला मिळणार होती. न सांगावे तर मुलगा हातचा जाणार होता. तिने मुलाला निवडले.

"बसवलं नव्हतं रे ते. त्यांचा हात आवरत नव्हता. जेवण मी भरवायचे. सफेद्याचं शिसं ते, तुझ्या आजोबांसारखंच."

उमेजीचा कुंचला थांबला. "वहिनी, पोरांना शिकवलंय मी ते. आता काय सांगू, मालकांना रोग होता म्हणून?"

"तेच सांगा."

ओनुईने बाजारातून बिनशिशाचा नवा सफेदा आणला. सेइजिरोने आईचा शब्द मानला. तो सफेदा लावून आणि हात स्थिर ठेवून त्याने प्रयोग केला. विजेच्या दिव्यांत त्याची कातडी राखेसारखी दिसत होती. घडी चालू असताना माडीवरून कोणी ओरडले, "अहो बाई, नवरा मरायला चाललाय की बाजाराला?" सारे प्रेक्षागृह हसले. पुढचे प्रयोगही तसेच गेले. अखेर नाटकगृहाच्या मालकाने ती भूमिका दुसऱ्या घराण्याला देण्याचे बोलून दाखवले.

त्यानंतरच्या सकाळी ओनुई रंगपटात आली, तेव्हा आरशापुढे जुन्या सफेद्याचा डबा उघडा होता.

"सगळं ठाऊक असून?" तिने विचारले.

"ठाऊक झालं म्हणूनच," सेइजिरो आरशात पाहत म्हणाला. "आई, मी मुद्दाम हलवतो ते नकली दिसतं. बाबांचा हात खरा हलत होता. माझाही हलेल."

ती चटईच्या कडेला बसली. सेइजिरोने मान पुढे झुकवली. उमेजीने कुंचला भिजवून टोपाच्या कडेपासून पाठीपर्यंत पट्टा ओढला, तो मध्येच वाकडा गेला. त्याने तो पुसून काढला, डाव्या हाताने आपले उजवे मनगट घट्ट धरले आणि पुन्हा पहिल्यापासून रंगवायला घेतले.